पिकअप खाली बसवायची तर डिफरन्शियल वर न्या

नाशिकमध्ये शालिमारहून सीबीएसकडे निघालेल्या एखाद्या रिक्षाच्या मागे अडकलात, तर वैतागण्याऐवजी तिच्या मागच्या चाकांकडे बघा. एक चाक खड्ड्यात उतरतं, दुसऱ्याला त्याची खबरही नसते. दोन्ही चाकं आपापल्या दांड्यावर वेगवेगळी झुलतात. इंजिनाला चिकटलेल्या डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनाचा पीळ दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून, निघालेले दोन आखूड शाफ्ट त्यांना फिरवतात. आता शेजारून टोमॅटोच्या क्रेटनी भरलेली पिकअप जाऊ द्या. तिचं डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलतं, कारण दोन्ही चाकं एकाच लोखंडी नळीच्या दोन टोकांना आहेत. म्हणजे मागचं इंडिपेंडंट सस्पेन्शन रिक्षाला आहे आणि पिकअपला नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जरा हसूच आलं होतं.

मी अंबड एमआयडीसीत फिक्श्चर, म्हणजे कारखान्यात काम करताना भाग पकडून ठेवणारे साचे, डिझाइन करतो. गाड्यांचा धंदा माझा नाही. पण दिंडोरीकडे द्राक्षाचा मळा असलेला माझा मामेभाऊ एक दिवस मोबाइल नाचवत आला. फोटोत कॅलिफोर्नियातली एक पिकअप होती, हौद जमिनीला टेकायला चार बोटं बाकी. "दादा, आपली जुनी पिकअप अशी करायची. आणि मागे पाटे नकोत, इंडिपेंडंट पाहिजे." आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी हे ऐकून पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "पाटे काढायचे म्हणजे गाडीची कंबरच काढायची, भाऊ."

मिस्त्री चुकीचं बोलत नव्हते. पाटा ही वस्तू दिसते गावठी, पण एकटी तीन माणसांची कामं करते. ती स्प्रिंग आहे, म्हणजे वजन झेलते. ती लगाम आहे, म्हणजे मागची नळी पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे सरकू देत नाही. आणि इंजिन चाकाला पीळ देतं तेव्हा उलट्या दिशेनं फिरू पाहणाऱ्या नळीला तीच धरून ठेवते. पुढच्या टोकाला एक पिन, मागच्या टोकाला शॅकल म्हणजे झुलती कडी, मध्ये यू-बोल्ट, संपलं. पाटे काढले की ही तिन्ही कामं वेगवेगळ्या भागांना वाटून द्यावी लागतात, आणि एखादं काम वाटायचं राहिलं तर ते रस्त्यावर कळतं.

मग काढायचे कशाला? गाडी खूप खाली आणायची असेल तर जागा उरत नाही म्हणून. पिकअपमध्ये ती नळी चेसिसच्या दोन दांड्यांच्या खालून जाते. गाडी खाली बसवली की नळी आणि चेसिस यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि पहिल्याच गतिरोधकावर लोखंडावर लोखंड आदळतं. त्यासाठी चेसिसला वरच्या बाजूनं कमानीसारखा बाक देऊन खालून खाच पाडतात. पण नळीच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो आणि तो नळीबरोबर खाली-वर होतो. खड्ड्यात तो किती वर येईल तेवढी जागा हौदाच्या तळात सोडावी लागते. गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं टोकही त्याच्याबरोबर नाचतं.

इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियलचा गोळा चेसिसलाच पक्का बसतो. तो हलत नाही. हलतात ती चाकं, चाक ज्यावर बोल्टनं बसतं ते हब, त्यांना धरणारे आर्म आणि गोळ्यापासून चाकापर्यंतचे दोन हाफ शाफ्ट. त्यामुळे हौदाचा तळ गोळ्याच्या अगदी डोक्यावर टेकवता येतो. दुसरा फायदा चालताना जाणवतो. चाकाबरोबर जितकं वजन उड्या मारतं तितकं चाक रस्त्याला उशिरा परत टेकतं. चिखलानं भरलेले गमबूट घालून कुणाला पळायला सांगा, मग कळेल. नळी आणि डिफरन्शियल चाकाच्या गळ्यात बांधलेले नसले की ते गमबूट उतरतात.

हे वेड अमेरिकेतलं. तिकडे हौशी लोक भंगारातल्या गाडीचा मागचा अख्खा संच काढून पिकअपखाली बसवतात. जग्वारचा संच फार लाडका. १९६१च्या ई-टाइपबरोबर आलेली ही मांडणी पुढे एक्सजे सेदानमध्येही गेली. तिच्यात हाफ शाफ्ट स्वतःच वरच्या आर्मचं काम करतो, ब्रेकच्या डिस्क चाकाजवळ नसून आत डिफरन्शियलला लागून असतात, आणि सगळा संच स्वतःच्या चौकटीत बसलेला असतो, चार ठिकाणी रबरी माउंटिंगवर टांगलेला, म्हणून अख्खा खाली काढता येतो. दिसायला देखणा, पण ब्रेकचं काम करायचं तर हात कुठून घालावा ते समजत नाही. कॉर्वेटनं १९६३ला मागे इंडिपेंडंट आणलं, तेही आडव्या पाट्यावर! म्हणजे पाटा आणि इंडिपेंडंट यांचं वैर नाही. फोर्डनं १९९९च्या मस्टँग कोब्रामध्ये तर नळीच्याच जागी बोल्टनं बसणारा इंडिपेंडंट संच दिला. आपल्याकडे हे संच कुठे मिळणार? पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांची मागची मांडणी बाद, कारण तिच्यात डिफरन्शियलच नसतं. आम्हाला एका अपघातग्रस्त जर्मन सेदानचा मल्टिलिंक सबफ्रेम, म्हणजे आर्म आणि डिफरन्शियल धरणारी अख्खी चौकट, मिळाला, त्यातही डावा हाफ शाफ्ट गायब.

आता मुख्य गोष्ट. गाडी खाली आणायची म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं ते स्प्रिंग कापणं. नळीच्या गाडीत ते वाईट असलं तरी चाकं निदान उभी राहतात. इंडिपेंडंटमध्ये तसं नाही. आर्म म्हणजे बिजागरीवरचं दार समजा, फक्त आडवं. चाक वर जाताना एका कमानीत जातं. वरचा आर्म साधारणपणे आखूड आणि खालचा लांब असतो, म्हणून चाक वर जाईल तसा त्याचा माथा आत झुकतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा हाच झुकाव टायर रस्त्यावर सपाट ठेवतो. मूळ कारखान्यानं हे सगळं एका ठरलेल्या उंचीभोवती जुळवलेलं असतं. स्प्रिंग कापून गाडी चार इंच खाली घेतली, तर तुम्ही सरळ रस्त्यावरसुद्धा कायम त्या कमानीच्या वरच्या टोकाला बसलेले असता. चाकं आत झुकलेली, टायरची आतली कड महिन्यात गुळगुळीत, शाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात फिरतायत, आणि वर जायला जागाच उरलेली नाही.

म्हणून सस्पेन्शन आहे त्याच अवस्थेत ठेवायचं, आणि चेसिस त्याच्याभोवती खाली आणायची. दुसऱ्या शब्दांत, सबफ्रेम आणि डिफरन्शियल चेसिसमध्ये वर चढवायचं.

आम्ही त्यासाठी उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी टायर ठरवला. मग जमिनीपासून टायरची निम्मी उंची मोजून, तिथे हबचं केंद्र येईल असा सबफ्रेम लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, आर्म मूळ गाडीत उभ्या अवस्थेत असायचे त्याच कोनात. हाफ शाफ्ट जवळजवळ आडवे. हे सगळं गॅरेजच्या फरशीवर एकटंच उभं होतं, वर गाडी नाही, शेतात उभ्या बुजगावण्यासारखं. मग चेसिस साखळीच्या कप्पीनं वरून हळूहळू खाली आणली, हवी ती उंची येईपर्यंत. जिथे जिथे चेसिस सबफ्रेमला आडवी आली तिथे खडूनं खूण. त्या खुणा म्हणजे कापायची जागा. मिस्त्री पहिल्यांदा खूश झाले ते इथे.

कापल्यानंतर काय जोडायचं यात मात्र आळस चालत नाही. पिकअपच्या चेसिसचे दांडे बहुधा इंग्रजी सी अक्षरासारखे, एका बाजूनं उघडे असतात. पाटे त्यांच्यावर लांब लांब दोन ठिकाणी भार टाकतात. सबफ्रेम मात्र चार बिंदूंवर, तेही एकमेकांच्या जवळ. त्यामुळे तिथला दांडा पत्रा लावून पेटीसारखा बंद करावा लागतो, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना खाचेपेक्षा मोठ्या पट्ट्या लागतात. पट्टीचं टोक दांड्याला सरळ उभं वेल्ड करू नका, तिथूनच तडा सुरू होतो. टोक पतंगासारखं निमुळतं ठेवलं की भार हळूहळू पसरतो.

डिफरन्शियलला धरणारं माउंटिंग किती मजबूत हवं, याचा अंदाज हिशोबानं येतो. समजा इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर. पहिला गिअर चार पटीचा, डिफरन्शियल ३.२ पटीचं. म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून २,५६० न्यूटन-मीटर. चाकं पुढे फिरतात, तेव्हा तेवढाच पीळ डिफरन्शियलचं नाक वर उचलू बघतो. नळीच्या गाडीत हे पाटे झेलायचे. आता पुढचं आणि मागचं माउंटिंग झेलणार. त्या दोघांत ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढच्या माउंटिंगला साधारण ६,४०० न्यूटन, म्हणजे साडेसहाशे किलोचा वरच्या दिशेला ओढा. पन्नास किलोच्या तेरा कांद्याच्या गोण्या. तीन मिलिमीटरच्या अँगलवर दोन टाके मारून हे थांबत नाही. क्लच झटक्यात सोडला तर गोण्या वाढतात.

आणि आता आमची फजिती. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळू देणारे जॉइंट, असतात. क्रॉस वाकड्या कोनात फिरला की पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा पुढे-मागे होतो. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा खोडतो. त्यासाठी गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन, म्हणजे त्याच्या नाकातून आत जाणारा दांडा, समांतर हवेत. कोन शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया एकाच जागी घासत राहतात. एक ते तीन अंश छान. आमच्या पिकअपचं इंजिन मागे चार अंश उतरतं होतं. म्हणजे पिनियनचं नाक चार अंश वर हवं. आम्ही काय केलं? अख्खा सबफ्रेमच पुढून चार अंश उचलून टॅक, म्हणजे वेल्डचे कच्चे टाके, मारले. कोनमापक ठेवला, तंतोतंत. चहा मागवला.

नशीब, पक्कं वेल्ड करण्याआधी मी हबवर एक सपाट प्लेट बोल्ट केली आणि तिच्यावर लेझर लावला. स्प्रिंग काढलेली होती. हबखाली जॅक, दर वेळी दहा मिलिमीटर वर. पुढच्या भिंतीवर, तीन मीटरवर, लाल ठिपका. लेझर उलटा करून मागच्या भिंतीवर दुसरा. दोन्ही ठिपके एकाच बाजूला सारखे सरकले, तर चाक फक्त बाजूला सरकलंय, काळजी नाही. पण पन्नास मिलिमीटर वर गेल्यावर पुढचा ठिपका बाहेरच्या बाजूला गेला होता आणि मागचा आत, प्रत्येकी सेंटिमीटरभर. म्हणजे चाक वर जाताना त्याचं तोंड बाहेर वळत होतं. मागच्या चाकानं वळणावर असं केलं तर गाडीची शेपटी आपणहून बाहेर जायला लागते, आणि चालवणाऱ्यानं स्टेअरिंग हलवलेलंही नसतं. मामेभाऊ म्हणाला, "एक सेंटिमीटरनं काय होतंय?" मी त्याला म्हटलं, कसारा घाटात उतारावर विचार मला.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. चाक वर जाताना तीनेक अंश आत झुकतं, हे बरोबर होतं. ते झुकणं गाडीच्या लांबीला समांतर अशा एका रेषेभोवती होतं. आम्ही अख्खा सबफ्रेम चार अंश तिरका केला तेव्हा ती रेषाही तिरकी झाली, आणि झुकण्याचा एक छोटा हिस्सा वळण्यात बदलला. चार अंशांनी तीन अंशांचा साधारण पंधरावा भाग, म्हणजे अंशाचा पाचवा हिस्सा. तीन मीटरवर तो सेंटिमीटरभर दिसतो. पिनियनचा कोन सुधारायला आम्ही चाकांचा कोन विकला होता.

टॅक तोडले. सबफ्रेम पुन्हा सरळ. गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली सुमारे ३५ मिलिमीटरचा ठोकळा दिला, त्यानं इंजिनाचा उतार दोन अंशांवर आला. उरलेले दोन अंश सबफ्रेमच्या आत फक्त डिफरन्शियलचं पुढचं माउंटिंग उचलून मिळवले. आर्म जागच्या जागी, पिनियन समांतर. या वेळी पुढच्या भिंतीवरचा आणि मागच्या भिंतीवरचा ठिपका जोडीनं चढले.

हरवलेला डावा शाफ्ट हे दुसरं प्रकरण. एका लेथवाल्यानं दोन दिवसांत करून दिला, पॉलिश इतकं की तोंड दिसेल. गाडी स्टँडवर ठेवून चालवली तेव्हा छान फिरला, कारण चाकांना काही ओझंच नव्हतं. मळ्यातल्या चढावर पहिल्यांदा क्लच सोडला आणि गाडी जागेवरच. बाहेर काढला तर स्प्लाइनच्या, म्हणजे टोकावरच्या खाचांच्या, सरळ रेषा सुंभाच्या दोरीसारख्या पिळलेल्या. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, वापरलं होतं. एका शाफ्टवर निम्मा पीळ धरा, १,२८० न्यूटन-मीटर. २८ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टच्या पृष्ठभागावर त्यानं सुमारे ३०० मेगापास्कल ताण येतो. साध्या एमएसला दीडशेच्या आतबाहेरच कायमचा पीळ बसतो. दुसरा शाफ्ट ईएन-२४ या मजबूत पोलादाचा, हीट ट्रीटमेंट करून घेतला. दुसऱ्या कुठल्या गाडीचा शाफ्ट कापून, मधेच वेल्ड करून लांबी जुळवण्याचा सल्ला चौघांनी दिला होता. वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूचं कडक केलेलं पोलाद मऊ पडतं, तेव्हा तो मानला नाही.

शाफ्टची लांबी तपासताना चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्हीकडे बघायचं. चाक कमानीत फिरतं म्हणून आतल्या जॉइंटला थोडं आत-बाहेर सरकावं लागतं. पूर्ण वर गेल्यावर तो तळाला ठेचला जायला नको, पूर्ण खाली लोंबल्यावर कपातून सुटायला नको. जॅक हबखाली आहेच, वेगळं काही लागत नाही.

स्प्रिंग निवडतानाही लोक फसतात. पाट्याच्या गाडीत स्प्रिंग जवळजवळ चाकाच्या डोक्यावर असते, इंडिपेंडंटमध्ये आर्मच्या मधेच कुठेतरी. पहारीनं दगड उचलताना टेकू जवळ की लांब यानं जसा फरक पडतो, तसाच इथे पडतो, पण दोनदा पडतो. आर्मच्या ६० टक्के लांबीवर स्प्रिंग असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्केच. दहा किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाशी साडेतीन किलोच्या थोडी वर. पाट्याचा आकडा बघून स्प्रिंग आणली तर हौद मांडीत बसलेल्या मांजरासारखा खाली जातो. स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, लावल्या तरी हाच हिशोब. फक्त तिथे उभी असताना गाडी जमिनीला टेकवता येते आणि चालवताना ठरलेल्या उंचीवर आणता येते. अलाइनमेंट त्या चालवायच्या उंचीवरच करायची.

बारीकसारीक कामं मग रांगेनं येतात. नळीला ब्रेकचा एक रबरी पाइप पुरायचा, आता दोन्ही चाकांना वेगळे. अनेक पिकअपमध्ये वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह नळीला सळईनं जोडलेला असतो, ती सळई आता कशाला बांधायची ते ठरवा, ती लोंबकळत सोडू नका. हॅंडब्रेकची केबल, डिझेलची टाकी, स्टेपनी, सायलेन्सर, सगळ्यांना नवं घर. चाकाचे बोल्ट पुढे एका मापाचे, मागे दुसऱ्या. सबफ्रेम हौदापेक्षा रुंद भरला तर आर्म कापू नका, वेगळ्या ऑफसेटची, म्हणजे चाक जास्त आत बसवणारी, रिम घ्या. आणि स्पीडोमीटर! आमच्या गाडीत तो गिअरबॉक्सवरून चालतो. मूळ डिफरन्शियल ४.३चं होतं, नवं ३.२चं. गाडी खरी ८० वर असताना काटा ६० दाखवणार. शिवाय पहिल्या गिअरमधली ताकद चौथ्या हिश्शानं गेली, चढावर क्लचचा वास येतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण व्हिडिओंमध्ये हे कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मूळ उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आमच्या मामेभावानं म्हणून पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आधीच नोंदणी रद्द करून घेतली. गाडी मळ्याबाहेर जाते ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. एमएच-१५ची पाटी घराच्या भिंतीवर लावलीय.

काम करणारी पिकअप असेल तर यातलं काहीही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या सेदानचा हा सबफ्रेम आहे तिला मागे तीन माणसं आणि चार बॅगा न्यायच्या होत्या. तिचे आर्म, बुश आणि बेअरिंग त्या मापाचे. टनभर माल टाकला की चाकं पुन्हा त्या कमानीच्या वरच्या टोकाला जातात, म्हणजे स्प्रिंग कापल्यासारखंच. मागच्या हंगामात मामेभावानं हौस म्हणून वीस क्रेट द्राक्षं भरून बघितली. हौदाच्या मागे बसून मी चाकांकडे बघत होतो. अकराव्या क्रेटला माथे आत झुकायला लागले, सोळाव्याला टायर मडगार्डच्या कडेला घासला. क्रेट उतरवले आणि शेजाऱ्याला फोन लावला. पिंपळगावला माल त्याच्या पाट्यांच्या पिकअपमधून गेला.